कायटोसानच्या कणांतून पेशीत डीएनए पोहोचवताना: अमाईनचा हिशेब आणि पीएचची शिस्त

कायटिनपासून बनणाऱ्या कायटोसान या पॉलिमरला इमिडाझोल हे नायट्रोजनयुक्त वलय जोडून बनवलेला डीएनएचा वाहक कागदावर फार सोपा दिसतो. ग्लुकोसामाईनचे अमाईन गट डीएनएला धरून ठेवतात, इमिडाझोल एंडोसोममधले (पेशी कण आत घेते त्या आम्लधर्मी पिशवीतले) प्रोटॉन शोषते, एंडोसोम फुगून फुटतो आणि प्लाझमिड (जीन वाहून नेणारे वर्तुळाकार डीएनए) बाहेर पडते. प्रयोगात मात्र जीएफपी (जीन काम करत असल्याची खूण म्हणून वापरायचे हिरवे चमकणारे प्रथिन) दिसत नाही आणि दोष पॉलिमरवर जातो. बहुतेक वेळा पॉलिमर निर्दोष असतो. चूक दोनच जागी होते: मोकळे अमाईन किती उरले हे मोजलेले नसते, किंवा कुठल्या तरी टप्प्यावर पीएच हातातून सुटलेला असतो. पुढची पद्धत युरोकॅनिक आम्ल (इमिडाझोल असलेले आम्ल) जोडलेले कायटोसान, जीएफपीचे प्लाझमिड आणि एचईके २९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशी धरून लिहिली आहे. काम पुनर्संयोजित डीएनएचे असल्यामुळे भारतात १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्यावी लागते.

## टप्पा १: कायटोसान विकत घेतल्यावर पहिले तीन दिवस

कॅटलॉगमधले 'लो मॉलिक्युलर वेट' कायटोसान अनेकदा ५० ते १९० किलोडाल्टनचे असते. ट्रान्सफेक्शनसाठी, म्हणजे पेशीत डीएनए घालण्यासाठी, ते जड पडते. कण बनतात, पण डीएनए इतका घट्ट धरला जातो की पेशीत गेल्यावर सुटत नाही. १० ते ५० किलोडाल्टनचे आणि ८५ ते ९२ टक्के डीॲसिटिलेशन असलेले (म्हणजे तेवढे अमाईन ॲसिटिल गटापासून मोकळे झालेले) कायटोसान घ्या.

डब्यावर 'किमान ८५ टक्के' असे छापलेले असते. तो हिशेबात धरायचा आकडा नव्हे. डीॲसिटिलेशन स्वतः एनएमआरवर (रेणूतले प्रोटॉन शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या तपासणीवर) किंवा कंडक्टोमेट्रिक टायट्रेशनने काढा. दुसरी गोष्ट ओलाव्याची. कायटोसान हवेतले पाणी धरते आणि वजनाच्या ८ ते १० टक्के पाणी असणे नेहमीचेच आहे. छोटा नमुना १०५ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, किती घट झाली ते टिपून घ्या आणि तो नमुना फेकून द्या. तापवलेला माल अभिक्रियेत वापरू नका, तो पिवळा पडतो आणि नीट विरघळत नाही.

पावडर बहुतेकदा कोळंबीच्या टरफलांपासून आलेली असते, त्यामुळे प्रथिने आणि एंडोटॉक्सिनचे (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचे) अंश राहू शकतात. एचईके २९३ पेशी ते सहन करतात. पुढे मॅक्रोफेज किंवा डेन्ड्रिटिक पेशींवर जायचे असेल तर एंडोटॉक्सिनची चाचणी याच टप्प्यावर करा. तेव्हा दिसणारा परिणाम जीनचा की एंडोटॉक्सिनचा, हे नंतर वेगळे करता येत नाही.

## टप्पा २: विरघळवणे, पण ॲसेटिक आम्लात नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. कायटोसान म्हटले की हात आपोआप १ टक्का ॲसेटिक आम्लाकडे जातो. साठवणीच्या द्रावणाला ते चालते, पण ईडीसी (आम्ल आणि अमाईन जोडणारा अभिकर्मक) वापरायच्या अभिक्रियेत मुळीच चालत नाही. ईडीसी कार्बॉक्सिल गटाला सक्रिय करते आणि ॲसेटिक आम्लातही कार्बॉक्सिल गटच असतो. १ टक्का द्रावणात ते सुमारे १७० मिलिमोलर, तर युरोकॅनिक आम्ल जेमतेम ९ मिलिमोलर. ईडीसी आधी गर्दीकडेच वळणार. अमाईनवर इमिडाझोल बसण्याऐवजी ॲसिटिल बसते, म्हणजे तुम्ही पैसे मोजून कायटोसानचे पुन्हा कायटिन करता. उत्पादन विरघळेनासे झाले किंवा एनएमआरमध्ये २.० पीपीएमचे (ॲसिटिलचे) शिखर वाढलेले दिसले, की आधी हेच तपासा.

त्याऐवजी असे करा:

१. ९० टक्के डीॲसिटिलेशनचे २०० मिलिग्रॅम कायटोसान घ्या. वजन ओलावा वजा करून धरा. यात सुमारे १.०९ मिलिमोल अमाईन असते.

२. १९ मिलिलिटर पाण्यात पावडर भिजवून त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १.१ मिलिलिटर थेंबाथेंबाने घाला.

३. रात्रभर हलके ढवळा. सकाळी द्रावण स्वच्छ हवे. तळाशी जेलीसारखे तुकडे असतील तर गाळून त्यांचे वजन हिशेबातून वजा करा.

४. पातळ सोडियम हायड्रॉक्साईडने पीएच ५.५ वर आणा. घाई करू नका. थेंब पडतो तिथे पांढरे धागे दिसले, तर थांबून ते विरघळू द्या.

तपासणी: पीएच ६.५ ओलांडला की कायटोसान खाली बसू लागते, कारण त्याच्या अमाईनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे अमाईन भार गमावतात तो) याच्याच आसपास आहे.

## टप्पा ३: युरोकॅनिक आम्ल जोडणे

युरोकॅनिक आम्ल पाण्यात नाखुशीने विरघळते. थंड पाण्यात मिलिलिटरला सुमारे दीड मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. म्हणून आकारमान मोठे लागते. पावडर चमच्याने थेट कायटोसानच्या द्रावणात टाकली, तर ती तळाशी तशीच पडून राहते आणि डायलिसिसमध्ये निघून जाते.

१. ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ५.५, ५० मिलिलिटर घ्या. एमईएसच यासाठी, की त्यात कार्बॉक्सिलही नाही आणि प्राथमिक अमाईनही नाही. ट्रिस, ग्लायसीन, ॲसिटेट, सिट्रेट यांतले काहीही इथे नको.

२. त्यात ६० मिलिग्रॅम युरोकॅनिक आम्ल टाका. हे अमाईनच्या ०.४ पट होते. ६० अंशांपर्यंत गरम करून विरघळवा आणि खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

३. फ्लास्कला फॉइल गुंडाळा. अतिनील प्रकाशात या आम्लाचे ट्रान्स रूप सिसमध्ये बदलते.

४. एनएचएस (सक्रिय झालेला कार्बॉक्सिल टिकवणारे संयुग) ५० मिलिग्रॅम, मग ईडीसी हायड्रोक्लोराईड १२५ मिलिग्रॅम घाला. ३० मिनिटे ढवळा.

५. हे मिश्रण कायटोसानच्या द्रावणात थेंबाथेंबाने सोडा. अंधारात, खोलीच्या तापमानावर २४ तास ढवळत ठेवा.

ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढली की बंदच ठेवून खोलीच्या तापमानावर येऊ द्या, मग झाकण उघडा. थंड बाटली उघडली तर हवेतले पाणी आत जाऊन पावडर गोळा होते. गोळा झालेली ईडीसी वजनात भरते, पण कामात भरत नाही. ती पाण्यात टिकतही नाही. २५ अंशांवर तिचे अर्धे आयुष्य पीएच ६ ला सुमारे २० तास, तर पीएच ५ ला जेमतेम ४ तास आहे. म्हणून तोलल्याबरोबर वापरा. आदल्या दिवशी बनवून ठेवलेले द्रावण फेकून द्या.

तपासणी: १ तासाने आणि ४ तासांनी पीएच पाहा. तो ५.२ ते ५.८ मध्ये हवा.

पहिल्याच खेपेला एकाच प्रमाणावर थांबू नका. ०.२, ०.४ आणि ०.६ पट असे तीन घाणे समांतर लावा. टाकले तेवढे सगळे बसत नाही, आणि किती बसले ते मोजल्याशिवाय कळत नाही.

## टप्पा ४: डायलिसिस, आणि त्यातले मीठ

न जोडलेले युरोकॅनिक आम्ल ऋणभारित रूपात धनभारित कायटोसानला चिकटून बसते. नुसत्या पाण्यात तीन दिवस डायलिसिस केले तरी ते पुरते सुटत नाही. मग एनएमआरमध्ये इमिडाझोलची शिखरे दिसतात, '४० टक्के जोडले' अशी नोंद होते, आणि प्रत्यक्षात त्यातले बरेचसे नुसतेच चिकटलेले असते.

- पहिला दिवस: ३.५ किलोडाल्टनहून लहान रेणूच बाहेर सोडणारी नळी, बाहेर ५ लिटर पाण्यात ०.१५ मोलर मीठ आणि १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. तीनदा बदला. पीएच ३ ला युरोकॅनिक आम्लाचा ऋणभार बराच कमी होतो आणि मीठ उरलेली पकड सोडवते.
- दुसरा आणि तिसरा दिवस: फक्त ०.१ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, दिवसाला तीन बदल.

तपासणी: बाहेरच्या पाण्याचा २७७ नॅनोमीटरवरचा शोषणांक ताज्या पाण्याएवढा झाला की डायलिसिस पुरे. तोपर्यंत दिवस मोजण्यात अर्थ नाही.

नंतर ४८ तास फ्रीझ-ड्राय करा. कापसासारखा पांढरा पदार्थ मिळाला पाहिजे. ओव्हनमध्ये वाळवण्याचा मोह टाळा. नायट्राईटने साखळ्या तोडून बनवलेल्या कायटोसानच्या टोकाशी अल्डिहाईड असतो. उष्णतेत तो अमाईनशी जुळून पदार्थ तपकिरी करतो.

## टप्पा ५: किती जोडले गेले ते वाचणे

१० मिलिग्रॅम नमुना थोडे ड्युटेरेटेड आम्ल घातलेल्या जड पाण्यात विरघळवून प्रोटॉन एनएमआर घ्या. युरोकॅनिलच्या दुहेरी बंधाचा एक प्रोटॉन ६.५ पीपीएमच्या आसपास स्वतंत्र दिसतो. साखरेचे सहा प्रोटॉन ३.० ते ४.१ पीपीएममध्ये असतात. पहिल्याचे क्षेत्रफळ भागिले दुसऱ्याच्या क्षेत्रफळाचा एक षष्ठांश, म्हणजे प्रतिस्थापनाचे प्रमाण. ४.७ ते ४.९ च्या भागात पाण्याचे शिखर येते, त्यावर विसंबू नका.

याच आलेखात आणखी तीन जागा न चुकता पाहा. १.१ पीपीएमला त्रिशिखर दिसले तर ईडीसीपासून बनलेला युरिया उरला आहे. २.७ च्या आसपास तीक्ष्ण एकेरी शिखर दिसले तर एनएचएस उरले आहे. ६.५ च्या जोडशिखराचे अंतर १६ हर्ट्झऐवजी १२ च्या जवळ असेल, तर फॉइल लावायला कोणीतरी विसरले.

दर १०० साखरघटकांमागे १५ ते २५ युरोकॅनिल हे प्रमाण चांगले. त्याहून फार वर गेलात तर डीएनए धरायला अमाईन कमी पडतात आणि पीएच ६ ला पॉलिमर गढूळ होऊ लागतो.

## टप्पा ६: एन/पीचा हिशेब

हे प्रकरण सावकाश वाचा. सर्वाधिक प्रयोग इथेच वाया जातात.

एन म्हणजे पॉलिमरवरचे मोकळे प्राथमिक अमाईन आणि पी म्हणजे डीएनएमधले फॉस्फेट. डीएनएच्या एका न्यूक्लिओटाईडचे सरासरी वजन ३३० धरले तर १ मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये ३.०३ नॅनोमोल फॉस्फेट येते. प्लाझमिड कितीही लांब असले तरी हा आकडा तोच.

आता पॉलिमर. समजा १०० घटकांत १० ॲसिटिल, २० युरोकॅनिल आणि ७० मोकळे अमाईन आहेत.

- ७० × १६१.२ = ११,२८४
- १० × २०३.२ = २,०३२
- २० × २८१.३ = ५,६२६
- एकूण १८,९४२. भागिले ७०, म्हणजे एका मोकळ्या अमाईनमागे सुमारे २७१.

मूळ ९० टक्क्यांच्या कायटोसानसाठी हाच आकडा १८४ येतो. जुनाच आकडा धरून वजन केले तर वहीत एन/पी ५ लिहिले जाते आणि नळीत ३.४ असते. मग 'इमिडाझोल जोडल्यावर कार्यक्षमता घटली' असा निष्कर्ष निघतो!

हिशेब इथेच संपत नाही. डायलिसिस हायड्रोक्लोरिक आम्लात झाले, म्हणून हाती आलेला पदार्थ क्लोराईड क्षार आहे. प्रत्येक अमाईन आणि इमिडाझोलमागे ३६.५ मिळवल्यावर आकडा सुमारे ३१७ होतो. १ मायक्रोग्रॅम डीएनएसाठी एन/पी ५ ला १५.१५ नॅनोमोल अमाईन लागते, म्हणजे ४.८ मायक्रोग्रॅम पॉलिमर. यात वाळवलेल्या पदार्थाचा ओलावा पुन्हा मिळवायचाच. इमिडाझोलचा नायट्रोजन एनमध्ये धरू नका. त्याचा पीकेए ६ च्या आसपास असल्याने डीएनए धरण्यात त्याचा वाटा अर्धवट असतो. त्याची नोंद वेगळी ठेवा.

## टप्पा ७: कण बनवणे

प्लाझमिड एंडोटॉक्सिनमुक्त किटने काढलेले असावे. २६०/२८० गुणोत्तर १.८ ते १.९, २६०/२३० हे २ च्या वर, आणि जेलवर बहुतांश सुपरकॉइल्ड (घट्ट पिळलेले, न तुटलेले). ते पाण्यात विरघळवा. टीई बफरमधला ट्रिस पीएच ८ चा असतो, तो कायटोसानचा भार काढून घेतो.

पॉलिमर ५ मिलिमोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.५ मध्ये विरघळवा. इथे ॲसिटेट चालते, कारण ईडीसी आता नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे ते पॉलिमरचे द्रावण. बनलेले कण गाळले तर निम्मा माल फिल्टरवरच राहू शकतो.

पेशींच्या प्लेटमधल्या सहा वेलसाठी (खळग्यांसाठी), थोडी जादा धरून ८ मायक्रोग्रॅम डीएनएचे कण:

१. डीएनए याच बफरमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर करा, ८० मायक्रोलिटर घ्या.

२. पॉलिमरही ८० मायक्रोलिटर घ्या. एन/पी २ साठी ०.१९, ५ साठी ०.४८, १० साठी ०.९६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. गुणोत्तर बदलताना तीव्रता बदला, आकारमान नको. नाहीतर कणांचा आकार एन/पीमुळे बदलला की पातळ झाल्यामुळे, हे कळत नाही.

३. पॉलिमर एका दमात डीएनएमध्ये सोडा आणि लगेच ८-१० वेळा पिपेटने वरखाली करा. थेंबाथेंबाने घातले तर आधीच्या थेंबांतले कण कमी पॉलिमरवर बनतात आणि एकमेकांना चिकटतात.

४. ३० मिनिटे न हलवता ठेवा. त्याच दिवशी वापरा.

सावधान: पीबीएस बफर कुठेही नको. त्यातले मीठ आणि फॉस्फेट कायटोसानच्या कणांचे गोळे करतात. द्रावण किंचित दुधी दिसले तर चालते, पण डोळ्यांना तुकडे दिसले तर टाकून द्या.

## टप्पा ८: पेशींकडे जाण्याआधी दोन चाचण्या

जेल: ०.८ टक्के ॲगरोज, लेनला २०० नॅनोग्रॅम डीएनए. नेहमीचा टीएई बफर पीएच ८.३ चा असतो. त्यात कायटोसानचा भार जातो, डीएनए सुटतो आणि 'पकड नाही' असे खोटेच दिसते. बफर ॲसेटिक आम्लाने ६.५ वर आणून वापरा. लोडिंग डायची बाटलीही वाचा. त्यात एसडीएस असेल तर ते डीएनएला ढकलून पॉलिमरशी जागा घेते. एका लेनमध्ये कणांवर हेपारिन (डीएनएची जागा घेणारा ऋणभारित रेणू) घाला. डीएनए सुटून पट्टी दिसली, तर तो शाबूत आहे आणि पकडही सुटण्याजोगी आहे. जेलच्या खाचेत अडकलेला डीएनए सुटतच नसेल तर पेशीतही तो सहजी सुटणार नाही.

आकार: त्याच ॲसिटेट बफरमध्ये पातळ करून मोजा. १०० ते २५० नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली तफावत) ०.३ च्या आत, झीटा (कणाच्या पृष्ठभागाचा भार) +१५ ते +३५ मिलिव्होल्ट. एवढे जमले की पुढे.

## टप्पा ९: पेशी आणि माध्यम

पेशी भरवशाच्या जागेहून घ्या. भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे भांडार त्यासाठीच आहे. मायकोप्लाझ्माची चाचणी केलेली असावी. आदल्या संध्याकाळी २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ०.८ ते १ लाख पेशी टाका. सकाळी अर्ध्याहून थोडा जास्त तळ भरलेला हवा. एचईके २९३ पेशी तळाला सैल चिकटतात, म्हणून माध्यम वेलच्या भिंतीवरून सोडा.

नेहमीच्या डीएमईएम या पेशींच्या माध्यमात ४४ मिलिमोलर बायकार्बोनेट असते. प्लेट हुडमध्ये पाच मिनिटे राहिली की माध्यम जांभळट होते, पीएच ७.८ कडे सरकतो आणि कण भार गमावून गोळा होतात. खास माध्यम बनवायला तासभर लागतो:

- बायकार्बोनेट नसलेली डीएमईएम पावडर, १ लिटरसाठी
- सोडियम बायकार्बोनेट ०.३४ ग्रॅम
- एमईएस ३.९ ग्रॅम
- मीठ १.३ ग्रॅम, कारण बायकार्बोनेट कमी केल्याने ऑस्मोलॅलिटी घसरते
- पीएच ६.६ वर आणून ०.२२ मायक्रॉनमधून गाळा

५ टक्के कार्बन डायऑक्साईडमध्ये हे माध्यम ६.६ लाच स्थिरावते. थोडेसे रात्रभर इन्क्युबेटरमध्ये उघड्या झाकणाने ठेवून सकाळी पीएच पाहा. ऑस्मोलॅलिटी २९० ते ३२० मध्ये हवी.

## टप्पा १०: ट्रान्सफेक्शन आणि वाट पाहणे

जुने माध्यम काढा, ४८० मायक्रोलिटर नवे घाला, त्यावर २० मायक्रोलिटर कण, म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनए. प्रतिजैविके या काळात नकोत. ५ तासांनी सीरम असलेले नेहमीचे माध्यम घाला. कायटोसानचे कण १० टक्के सीरम बऱ्यापैकी सहन करतात, तेव्हा दुसऱ्या खेपेला सीरमसह तुलना जरूर करा.

सोबत हे वेल हवेतच: नुसत्या पेशी, नुसते प्लाझमिड, नुसता पॉलिमर, न बदललेले कायटोसान त्याच एन/पीला, जीएफपी नसलेल्या प्लाझमिडचे कण, आणि नेहमी चालणारा पीईआय हा पॉलिमर किंवा लिपिड अभिकर्मक. शेवटचा त्याच्या सवयीच्या ७.४ पीएचच्या माध्यमात लावा. तोही चालला नाही तर पेशींत किंवा प्लाझमिडमध्ये बिघाड आहे, कायटोसानला बोल लावू नका.

२४ तासांनी मायक्रोस्कोपखाली पाहून निराश होणे ही जवळजवळ प्रथाच आहे. कायटोसान डीएनए हळू सोडते. फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणारी तपासणी) ४८ आणि ७२ तासांनी करा, नमुन्यामागे किमान १०,००० पेशी. किती पेशी मेल्या याची चाचणी वेगळ्या प्लेटमध्ये.

## तरीही जीएफपी नाही

सायनाईन रंग लावलेले प्लाझमिड वापरून आधी अडथळा कुठे आहे ते शोधा. पेशीत रंगच नाही, तर कण गोळा झाले किंवा भार कमी आहे: टप्पा ६ आणि ९ पुन्हा पाहा. रंग ठिपक्यांच्या रूपात आत आहे पण जीएफपी नाही, तर डीएनए एंडोसोममध्ये अडकला आहे किंवा पॉलिमर सोडत नाही. दोन्हींत फरक करायला एंडोसोममधून सुटायला मदत करणारे क्लोरोक्वीन, १०० मायक्रोमोलर, ४ तासांपुरते द्या. त्याने जीएफपी वाढले, तर एंडोसोम अडवत होता आणि युरोकॅनिलचे प्रमाण वाढवायला हवे. काहीच फरक पडला नाही, तर पकड फार घट्ट आहे. मग एन/पी ५ वरून ३ वर या, किंवा कमी रेणुभाराचे कायटोसान घेऊन टप्पा १ पासून सुरुवात करा.

इमिडाझोलमुळेच फायदा झाला असे म्हणायचे असेल तर उलट चाचणीही लागते. बॅफिलोमायसिन ए१, २०० नॅनोमोलर, एंडोसोमचा प्रोटॉन पंप बंद करते. त्यात बदललेल्या कायटोसानची कार्यक्षमता कोसळली पाहिजे. कोसळली नाही, तर जे काही काम झाले ते प्रोटॉन शोषल्यामुळे झाले, असे अहवालात लिहू नका.